अकरा नंबरची निरोगी घोडी

भादवा अर्धा सरला की आमच्या वर्ध्यात ऊन असं पडतं, जसा काही पाऊस कधी झालाच नव्हता. अंगणातल्या ओल्या मातीतून वाफ निघते, दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात, आणि खिडकीच्या जाळीवर ती येऊन बसते. घोडमाशी. जाड, हिरवट डोळ्यांची, उडताना दोन खोल्या पलीकडे ऐकू जाईल असा आवाज करणारी. या गावातली घोडी गेली, टांगे गेले, टांगास्टँडच्या जागी मोबाइलची कव्हरं विकायची दुकानं आली. ही बया मात्र दरसाल हजर. आता कुणाला चावायला येते कोण जाणे. मी पायातली चप्पल काढते आणि हाणते. सत्तरीला आले तरी नेम चुकत नाही. माझ्या हातून यशस्वी झालेलं संशोधन म्हणाल तर एवढंच.

हसू नका, मी खरोखर संशोधनात होते. आणीबाणी उठून दोन-तीन पावसाळे झाले असतील. मी मूळची वडनेरची, हिंगणघाटला शिकून बी.एस्सी. झालेली, आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी जोरात असताना हातात नोकरीचा कागद आला. घोड्यांच्या सर्रा नावाच्या रोगावर अभ्यास करायची एक स्कीम वर्ध्यात निघाली होती. रेल्वे लाइनीपलीकडे भाड्याच्या दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रिज, एक जीप आणि एक साहेब. रक्ताच्या काचा, म्हणजे स्लाइडी, रंगवायला आणि फ्रिजची किल्ली सांभाळायला मी. नेमणूक सहा महिन्यांची. पुढचे सहा महिने साहेबांच्या सहीवर.

सर्रा म्हणजे घोडमाशीने पसरवलेला रक्तातला किडा. डोळ्याला दिसत नाही, पण घोड्याला आतून पोखरतो. त्याची रीत मोठी लबाड. दोन-तीन दिवस घोडं तापाने फणफणतं, मग पाच-सहा दिवस असं ठीक की टांग्याला जुंपावं. पुन्हा ताप. ताप असतो तेव्हा रक्तात किडे दिसतात, उतरला की दडी मारतात. प्रत्येक फेरीला जनावर थोडं खंगतं, पोटाखाली सूज येते, शेवटी मागचे पाय लटपटतात. वेळेवर सुई दिली तर वाचतं. हे सगळं पुस्तकात होतं, साहेबांना पाठ होतं, आणि मलाही त्यांनीच शिकवलं. म्हणून तर जास्त राग येतो. अडाणी माणसाचं मी काही मनावर घेत नाही.

साहेब घोड्यांच्या रोगाचे तज्ज्ञ होते, पण लिदेचा वास त्यांना सहन होत नसे. पागेत शिरताना नाकाला रुमाल, डोळ्याला काळा चष्मा. घोड्याला हात लावलेला मी त्यांना एकदाच पाहिलं, तेही फोटोसाठी. बाकी हात लावायचं काम आमचं. जीप आमच्या वाट्याला मंगळवारीच यायची, म्हणून अख्ख्या जिल्ह्यातल्या सर्र्याने मंगळवारीच प्रकट व्हावं असा साहेबांचा हुकूम होता. गावात आठवडाभर आधी पोस्टकार्ड जाई: अमुक मंगळवारी पथक येत आहे, घोडी घरी ठेवावी. आम्ही जायचो, थर्मामीटर लावायचो. ताप असेल तरच रक्त, रक्तात किडा असेल तरच औषध. ताप नाही, ते घोडं निरोगी. त्याच्या गळ्यात नंबराचा पत्र्याचा बिल्ला बांधायचा आणि त्याला तुलनेच्या गटात टाकायचं. तुलनेच्या गटाला औषध द्यायचं नाही, नुसतं बघत राहायचं. याला शास्त्रीय पद्धत म्हणत.

आंजी मोठीच्या दशरथभाऊंची शेवंती अशीच निरोगी ठरली. नंबर अकरा. फिकट तांबूस रंगाची घोडी, कपाळावर पांढरी टिकली. एस.टी. चुकलेल्यांना, बाळंतिणींना, बाजाराच्या गठड्यांना वर्ध्याला आणायचा-न्यायचा टांगा दशरथभाऊ हाकायचे. घरी जमीन नव्हती. जे काय होतं ते शेवंतीच्या चार पायांवर उभं होतं. दशरथभाऊ अबोल माणूस. बोलायची ती त्यांची बायको, पंचफुलाबाई. टांगा नवऱ्याचा, पण घोडी तिची. हरभरे तीच भिजवायची, खरारा तीच करायची, माश्यांसाठी पागेच्या दाराशी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर तीच करायची. त्या धुराचा कडवट वास आजही कुठे आला की माझ्या नाकात आपोआप स्पिरिटचा वास त्याच्यामागे येतो. आम्ही बांधलेला बिल्ला तिने पहिल्याच आठवड्यात चिंचेने घासून असा लखलखीत केला, की साहेब म्हणाले, ही बाई चांगली सहकार्य करते.

त्या भादव्यात माझी बोटं कायम निळी असायची. काचा रंगवायचा रंग साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. महालक्ष्म्यांना मी आंजीला मावशीकडे गेले, तर मावशीने माझे हात बघितले आणि नैवेद्याच्या ताटाला हात लावू दिला नाही. म्हणाली, तिकडे घोड्यांचं काय करतेस ते करत राह्य, माझ्या अंबिलीपासून लांब राह्य. मग मी पुरणपोळीचं ताट झाकून घेतलं आणि म्हटलं, चला, पंचफुलाबाईंना देऊन येऊ. वार होता शुक्रवार.

पागेत शेवंती मान खाली टाकून उभी होती. डोळ्यांतून पाणी, पोटाखाली तळहाताएवढी सूज, दाण्याला तोंड लावलेलं नव्हतं. मी कानाच्या मुळाशी हात ठेवला आणि काढून घेतला. तवा तापावा तसा कान तापला होता. पंचफुलाबाई मला बघून आनंदली नाही, ओशाळली. पोरीचा फाटका फ्रॉक पाहुण्यांनी बघावा तशी मधे येऊन उभी राहिली.

"आज कशा आल्या बाई? आज तं मंगळवार नाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पोस्टकार्ड आलं की हे दोघं तयारीला लागत. सोमवारी पागा सारवायची. मंगळवारी उजाडताच घोडी नाल्यात नेऊन तासभर पाण्यात उभी करायची. तापली असेल तर किराणा दुकानातून डोकेदुखीच्या मूठभर गोळ्या आणून गुळात कुटून चारायच्या. का, तर साहेबलोक एवढे जीपगाडी करून येतात. घोडी त्यांच्यासमोर मरगळून उभी राहिली तर ते म्हणतील यांनी जनावराला उपाशी मारलं. शाळेत इन्स्पेक्टर यायचा म्हटलं की आया पोरांना तेल लावून धाडत, तसं. लाज होती ती, आणि मान होता. आमच्यातल्या एकालाही, कधीही, विचारावंसं वाटलं नव्हतं की बाई, ही इतर दिवशी कशी असते.

"तुमी येता त्या दिशी आमी तिले चांगली ठेवतो जी," ती म्हणाली. "बाकीच्या दिशीचं माह्यापाशी हाय."

तिने मला भिंत दाखवली. मातीच्या भिंतीवर बोटांचे ठिपके, ओळीने. आमच्याकडे बायका दुधाची, गवताच्या भाऱ्यांची अशी बोटं उमटवतात तशीच. रोज सकाळी ती घोडीच्या कानाला हात लावायची. तापला असेल तर गेरूचं बोट, थंड असेल तर चुन्याचं. लाल, लाल, लाल. मग पांढरी पाच-सहा. पुन्हा लाल. पुस्तकात तापाच्या लाटांचं जे चित्र होतं, तेच इथे शेणामातीवर होतं, एकही दिवस न चुकता. आणि मधूनमधून हळदीची बोटं. ते आमचे मंगळवार. जवळ जाऊन बघितलं तर हळदीच्या दोन-तीन बोटांखाली गेरू होता.

लिहिता न येणाऱ्या बाईने, कुणी न सांगता, आमच्या जीपच्या एका टाकीइतकाही खर्च न करता, आमच्या स्कीमचा अख्खा अभ्यास करून भिंतीवर लावला होता. आमच्या खोल्यांत रंगीत पेन्सिलींनी काढलेले तक्ते होते ते सगळे मंगळवारचे.

माझ्या पर्समध्ये दोन कोऱ्या काचा रुमालात गुंडाळलेल्या असायच्या, धंद्याची खोड. ब्लाउजची पिन काढून मी शेवंतीच्या कानाला टोचली, थेंब काचेवर ओढला. तेवढं टोचलेलंही तिला समजलं नाही, इतकी ती तापात होती. शनिवारी कामाच्या खोलीवर आले, काच रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तुटक्या शेवयांसारखे किडे, जांभळट, शेपटीवाले, जिकडे नजर न्यावी तिकडे.

ती काच मी साहेबांपुढे ठेवली. भिंतीचंही सांगितलं, गोळ्यांचंही. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं. त्यांना दिसलं, यात शंका नाही. डोळा तयार होता त्यांचा. मग खुर्चीत मागे टेकून विचारलं, ही काच कुणाच्या आदेशाने घेतली. मी म्हटलं, कुणाच्याच नाही.

"शुक्रवारची काच आपल्या पद्धतीत बसत नाही," साहेब म्हणाले. "आणि अकरा नंबर तुलनेच्या गटात आहे. दोन्ही गट सारखे हवेत. आता एक काढली तर सगळा अभ्यास लंगडा होईल."

अभ्यास लंगडा होईल. भिंतीबद्दल तर ते मनापासून हसले. म्हणाले, उद्या परिषदेत मी काय सांगू, आमची आकडेवारी शेणाने सारवलेली आहे?

साहेबांच्या बंगल्यावर एक अल्सेशियन कुत्रा होता. त्याच पावसाळ्यात त्याला गोचिडतापाने धरलं होतं. मी फाइल घेऊन बंगल्यावर गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर साहेबांच्या बायकोने रोजच्या तारखेवर खुणा केलेल्या बघितल्या. ताप असेल त्या दिवशी लाल पेन, नसेल त्या दिवशी निळं. साहेब ते कॅलेंडर बघूनच औषध ठरवायचे, आणि आमच्यापुढे बायकोचं कौतुक करायचे: घरच्या माणसाच्या निरीक्षणासारखी गोष्ट नाही. कुत्रा वाचला. पुढे कितीतरी वर्षं रामनगरात फिरताना दिसायचा, लठ्ठ, मालकासारखाच. त्या मुक्या जिवावर माझा राग नाही. पण साहेब, भिंत आणि कॅलेंडर यांत फरक काय होता, हे मला तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आणि मी? माझा तर मला जास्तच तिटकारा येतो. साहेबांची अक्कल निदान त्यांच्या पदाला गहाण पडली होती. माझ्या पदराला फ्रिजची किल्ली बांधलेली होती. आत औषधाच्या कुप्या ओळीने उभ्या. एक कुपी, थोडं उकळून गार केलेलं पाणी, एक सुई, आणि आंजीची एस.टी. एवढंच लागत होतं. कातडीखाली सुई द्यायला मला येत होतं. पण माझी सहा महिन्यांची मुदत दिवाळीला संपत होती, आणि घरी नागपूरचं एक स्थळ माझ्या होकाराची वाट बघत बसलं होतं. मी रोज फ्रिज उघडायची, कुप्या मोजायची, वहीत सही करायची, फ्रिज लावायची. फार शिस्तीची मुलगी होते मी. सगळे म्हणत.

केलं काय, तर पंचफुलाबाईला निरोप धाडला की गावाजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखवून घ्या. काचेत काय दिसलं ते कळवलं नाही. दशरथभाऊ घोडी घेऊन गेले, आणि शहाण्यासारखं आम्ही दिलेलं तपासणीचं कार्डही घेऊन गेले. कार्डावर साहेबांची सही, गोल शिक्का आणि 'निरोगी'. तिथल्या डॉक्टरने कार्ड वाचलं, घोडीकडे एकदा बघितलं आणि शक्तीची पावडर दिली. मोठ्या साहेबांनी निरोगी लिहिल्यावर तो बिचारा काय बोलणार. नोकरी त्यालाही होती.

शेवटचा मंगळवार दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. वावरांत कापसाची बोंडं फुटायला लागली होती, ज्वारी डोक्याएवढी झाली होती आणि रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचा नुसता सडा. पंचफुलाबाईने घोडी धुतली होती, गळ्यात झेंडूची माळ घातली होती, बिल्ल्याला हळदकुंकू लावलं होतं. पागा आतून-बाहेरून सारवून लख्ख. साहेब येणार, फोटो निघणार, म्हणून तिने ती भिंतसुद्धा सारवली होती. गेरू नाही, चुना नाही, हळद नाही. नवं करकरीत शेण. मी तो भिंतीचा तक्ता तोवर उतरवून घेतला नव्हता. रोज म्हणायची, पुढच्या वेळी.

थर्मामीटरमध्ये ताप निघाला नाही. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला, चष्मा काढला, शेवंतीच्या मानेवर हात ठेवला आणि फोटो काढून घेतला. शेवंतीचे मागचे पाय थरथरत होते. फोटोत ते आलं नाही, फोटो कमरेपर्यंतचा होता.

अभ्यास दसऱ्याला संपला. शेवंती दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आत मेली. मला ते मावशीच्या पत्रातून समजलं. तोवर माझी मुदत वाढली होती.

आमच्या शेजारच्या जोशांच्या घरी हल्ली एक कुत्री आहे, मऊ केसांची, पलंगावर झोपणारी. परवा तिला ताप आला तर जोशांची सून तिला गाडीतून दवाखान्यात घेऊन गेली आणि येऊन मला सांगत होती: डॉक्टरणीने आधी सुई काढलीच नाही हो काकू, पंधरा मिनिटं नुसती विचारत होती. कधीपासून, दिवसातून किती वेळा, खाणं कसं, मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय का. सुनेला वाटलं, ही पोरगी नवशिकी आहे, हिला काही समजत नाही. मी म्हटलं, तिलाच समजतं, तिला सोडू नकोस. माझा आवाज चढला असावा, कारण सून चहाचं निमित्त काढून गेली.

स्कीमचा अहवाल छापून यायला तीन वर्षं लागली. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर साहेबांची कृतज्ञता, कुणाकुणाबद्दल. तोवर त्यांना बढती मिळाली होती. त्यातला तुलनेच्या गटाचा तक्ता मी आधी उघडला. अकरा नंबर: निरोगी. शेवटची नोंद: निरोगी. खोटं काहीच नव्हतं. दसऱ्यानंतर आम्ही बघायला गेलोच नव्हतो, त्यामुळे त्या कागदावर ती घोडी मेलेली नाही. आजही नाही.

पुस्तक पिशवीत घालून मी आंजीला गेले. या खेपेला सगळं सांगायचं ठरवूनच एस.टी.त बसले होते: काच, किडे, किल्ली, कुप्या. दशरथभाऊ आता दुसऱ्याच्या वावरात रोजाने जात होते. टांगा पागेत उभा होता आणि त्याच्यावर गोवऱ्या रचलेल्या होत्या. पंचफुलाबाईने मला बाज टाकून दिली, आणि मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली.

"चूक आमचीच झाली बाई. आमी तिले गोळ्या देऊन चांगली दाखवली. तुमाले कसं समजन? तुमी तं देवावानी आल्त्या."

हे ती तीन वर्षं मनात घोळवत बसली असणार. त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं की नाही, मला समजलं होतं. शब्द अगदी ओठावर होते. पण तिने पिशवीतलं पुस्तक बघितलं आणि विचारलं, हे त्याच कामाचं का, आमच्या शेवंतीचं आहे का यात. मी पान उघडलं. अकराचा आकडा तिला ओळखू आला. बिल्ला देवघरात टांगलेला होता, अजूनही घासलेला. तिने आकड्यावर बोट ठेवलं आणि समोर काय लिहिलंय ते विचारलं.

"निरोगी," मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. खरंच सांगते, उजळला. सरकारी पुस्तकात तिच्या घोडीचं चांगलं लिहिलेलं होतं. शेजारणीला हाक मारून तिने ते दाखवलं, माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं, पदराने पानावरची धूळ पुसली. मग तिचं बोट त्या आकड्यावर तसंच राहिलं आणि कपाळावर आठी आली. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, संशयाने नाही; शिकल्यासवरल्या माणसाला एखादी गोष्ट विचारावी तसं.

"निरोगी होती, तं मंग मेली काऊन, बाई?"

मी पुस्तक मिटलं, आणि म्हटलं, माहीत नाही.